पहिला सामना जिंकलो, पण खेळलो कसे?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी घणसोलीला राहतो आणि ऐरोलीला रात्रपाळीत काम करतो. आमची निम्मी टीम फिलाडेल्फियात बसते. त्यांच्या नादाने मीही अमेरिकन फुटबॉल बघायला लागलो आणि गेली तीन वर्षं ईगल्सचा पक्का झालो आहे. ४ सप्टेंबर २०२५ ला, म्हणजे आपल्याकडे ५ तारखेच्या पहाटे, मोसमाचा पहिलाच सामना ईगल्सनी डॅलस काउबॉइजविरुद्ध २४-२० असा जिंकला. मी खूश होतो. पण तिथला सहकारी फोनवर म्हणाला, "जिंकलो खरं, पण खेळलो नाही." मला हे पटत नाही. शेवटी जिंकलेलंच मोजतात ना? तुम्ही कबड्डीच्या गुणलेखक होतात आणि हा खेळही बघता, असं याच सदरात वाचलं होतं. पहिल्या सामन्यावरून संघ जोखायचा कसा? आणि ईगल्सना तुम्ही दहापैकी किती गुण द्याल?
– एक वाचक, घणसोली

उत्तर : गुण देते, पण आधी माझी बाजू सांगून ठेवते. मी कॅन्सस सिटी चीफ्सची. २०१९ च्या सप्टेंबरपासून चार महिने भाचीच्या बाळंतपणासाठी कॅन्सस सिटीजवळच्या ओव्हरलँड पार्कला होते. बाळ मांडीवर आणि समोर टीव्हीवर चीफ्स, असे सगळे रविवार गेले. सुरुवातीला काही कळायचं नाही. मग मी सवयीने कागद-पेन घेतलं आणि प्रत्येक खेळीची नोंद करायला लागले, तेव्हा खेळ उलगडला. ठाण्याला परतले तरी तो सुटला नाही. या फेब्रुवारीत तुमच्या ईगल्सनी सुपर बोलमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्यात, आमच्या चीफ्सना ४०-२२ असं धुतलं, त्या दिवशी मला घास गेला नव्हता. तरी त्याचा राग इथे काढणार नाही. बावीस वर्षं गुणलेखकाच्या टेबलावर बसले आहे. समोर कोण खेळतंय हे बाजूला ठेवून लिहायची हाताला सवय आहे.

तुमच्या सहकाऱ्याचं वाक्य मी फार वर्षांपूर्वी कळव्याच्या एका मातीच्या मैदानावर ऐकलं आहे. स्पर्धेचा पहिला दिवस होता. आमच्याच भागातला एक संघ एका गुणाने जिंकला. पोरांनी कर्णधाराला खांद्यावर घेतलं, गुलाल उडाला. मी पत्रक पुरं करत होते. कबड्डीच्या पत्रकात धावती गुणसंख्या असते, एकेक आकडा खोडत जायचा. आणि प्रत्येक खेळाडूच्या क्रमांकासमोर त्याने मिळवलेल्या गुणांच्या खुणा असतात. जिंकलेल्या संघाच्या मुख्य चढाईपटूसमोर मध्यंतरानंतर एकही खूण नव्हती. मग गुण आले कुठून? समोरच्या एकाचा पाय रेषेबाहेर गेला होता. एकाचा दम मध्येच तुटला. एका पकडीत त्यांचेच दोन गडी एकमेकांवर आदळले आणि आमचा चढाईपटू मधून निसटला. संघाचे प्रशिक्षक वयस्कर होते. ते टेबलाशी आले, चष्मा वर करून पत्रक वाचलं आणि हळूच म्हणाले, "आज त्यांनी आपल्याला जिंकवलं." दुसऱ्या दिवशी तो संघ दोन लोण खाऊन बाद झाला.

तेव्हापासून कुठल्याही विजयाला मी एकच प्रश्न विचारते. यातले कमावलेले गुण किती, आणि समोरच्याच्या हातून सांडलेले किती? कमावलेलं पुढच्या सामन्यात पुन्हा कमावता येतं. सांडलेलं पुन्हा मिळेलच असं नाही.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: संघाला दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात, एकेका प्रयत्नाला डाउन म्हणतात. दहा यार्ड गाठले की पुन्हा चार नवे. चेंडू समोरच्याच्या हद्दीच्या टोकाला नेला की टचडाउनचे सहा गुण आणि वर लाथेचा एक, नुसता खांबांमधून मारला तर तीन, त्याला फील्ड गोल म्हणतात. तिसऱ्या डाउनला सगळं स्टेडियम उभं राहतं. आपल्याकडच्या 'करो या मरो' चढाईला जशी छाती धडधडते, तशीच तिथे धडधडते.

माझी वही जांभळी नाक्यावरून आणलेली लांब पानांची आहे, किराणा दुकानात उधारी लिहितात तसली. प्रत्येक डाउनला एक ओळ. पहिल्या डाउनला चार यार्ड मिळाले तर बरोबरची खूण. दुसऱ्याला, उरलेल्या अंतराच्या निम्मे तरी. तिसऱ्या-चौथ्याला मात्र पूर्ण अंतर, नाहीतर फुली. हा काही माझा शोध नाही. तिथले अभ्यासकही थोड्याफार फरकाने असंच मोजतात. एक लांब पास बसला की सगळे टाळ्या वाजवतात, पण वहीत त्याच्या वर-खाली पाच फुल्या दिसतात, तेव्हा कळतं की हा संघ अडखळतोय. आणि लाल पेनाने मी वेगळं लिहिते ते असं, जे कोणी ठरवून करत नाही. हातातून सुटलेला चेंडू, समोरच्याने टाकून दिलेला झेल, दंड, पाऊस. त्या लांबट चेंडूचा तर भरवसाच नाही. सोललेला नारळ फरशीवर पडला तर कुठे उडेल सांगता येतं का? जमिनीवर पडलेला चेंडू कोणाच्या हाती लागेल, यात नशिबाचा वाटा फार मोठा असतो.

आता तुमचा सामना. सार्वजनिक गणपती अजून बसलेले, अनंत चतुर्दशी दुसऱ्या दिवशी, आणि पहाटे ५ वाजून ५० मिनिटांनी मी नौपाड्यातल्या स्वयंपाकघरात मोबाइल मिक्सरला टेकवून बसलेले. पहिल्या सहाच सेकंदांत ईगल्सचा बचावातला सगळ्यात दणकट गडी, जेलन कार्टर, डॅलसचे पास देणाऱ्या डॅक प्रेस्कॉटवर थुंकला म्हणून बाहेर काढला गेला. बचावाची एक खेळीही झाली नव्हती. मी वहीत लाल पेनाने लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. या गोष्टीचा मला खरंच संताप आला. मैदानावर किती का चिथावणी असेना, पन्नास-साठ जणांच्या संघाला पहिल्याच मिनिटाला उघडं पाडायचं म्हणजे काय? आमच्या वेळी कबड्डीत असं कोणी केलं असतं तर प्रशिक्षकाने पुढचे सामने बाकावर बसवलं असतं. लीगने हा सामना त्याची शिक्षा धरली आणि त्या सामन्याच्या पगाराएवढा दंड केला, म्हणजे पुढच्या सामन्यात तो खेळू शकेल.

पण जोखण्याच्या दृष्टीने ही घटना फार कामाची ठरली. मधला खांब काढल्यावर मांडव कितपत उभा राहतो, हे पहिल्याच दिवशी दिसलं. पहिल्या अर्ध्यात नीट उभा राहिला नाही. डॅलसने दोन टचडाउन केले, दोन्ही जॅव्होंटे विल्यम्सचे, धावून. वर दोन फील्ड गोल. २० गुण. मध्यंतराला ईगल्स २१-२० असे एका गुणाने पुढे. मधून धावणाऱ्याला कोणी अडवत नव्हतं, हे कार्टरच्या जागी पडलेलं भगदाड होतं.

दुसऱ्या अर्ध्यात डॅलसचे गुण शून्य. हा आकडा बघून तुम्ही म्हणाल, बघा, बचाव सावरला. मीही आधी तसंच लिहिलं होतं. मग वही पुन्हा चाळली. सामन्याच्या चार भागांपैकी तिसऱ्यात माइल्स सँडर्स, जो आधी ईगल्सकडेच होता, तो ४९ यार्ड सुसाट पळाला. डॅलस ईगल्सच्या गोलरेषेपासून दहा-बारा यार्डांवर आलं. तिथे त्याच सँडर्सच्या हातून चेंडू सुटला आणि ईगल्सनी उचलला. तिथे टचडाउन झाला असता तर डॅलस २७-२४ पुढे गेलं असतं. थोड्याच वेळात विजा कडाडायला लागल्या आणि खेळ तासाभराहून जास्त थांबला. (मी तेवढ्यात खाली जाऊन सोसायटीच्या गणपतीची आरती करून आले. परत आले तेव्हा अजून मैदान रिकामंच होतं.) खेळ पुन्हा सुरू झाल्यावर डॅलसचा सीडी लॅम्ब, ज्याने त्या दिवशी ११० यार्ड मिळवले, त्याच्याच हातून मोक्याचे पास सुटले. शेवटच्या चौथ्या डाउनचा पासही त्याच्याकडेच होता, तोही पुरा झाला नाही. सामना संपला.

म्हणजे दुसऱ्या अर्ध्यातलं शून्य हे थोडं ईगल्सचं आणि बरंचसं डॅलसचं. सँडर्सच्या हातातला चेंडू ठोसून पाडला, याचं श्रेय ईगल्सच्या बचावाला पुरेपूर देते. पण त्याआधीचे ४९ यार्ड त्याच बचावाने दिले होते. आणि लॅम्बसारखा खेळाडू दर आठवड्याला झेल सोडणार नाही. पास देणाऱ्यावर धावून जाणाऱ्या मायका पार्सन्सला डॅलसने आठवडाभर आधीच ग्रीन बेला देऊन टाकलं होतं. तो असता तर ईगल्सचे पास देणाऱ्या जेलन हर्ट्सला एवढा वेळ मिळाला असता का, हाही प्रश्न आहेच.

आता ज्यावर तुम्ही छाती फुगवावी, ते सांगते. हर्ट्स. २३ पैकी १९ पास पूर्ण, एकही समोरच्याच्या हाती नाही. स्वतः पळून ६२ यार्ड आणि दोन टचडाउन. वहीत त्याच्या ओळी वाचताना मला आपल्याकडचे जुने शांत चढाईपटू आठवले, जे निदान रेषा ओलांडतात, अंगावर कोणी येत नाही असं बघतात, मिळेल तो बोनस घेतात आणि परततात. पास द्यायला कोणी मोकळा नसला की हर्ट्स उगाच चेंडू भिरकावत नाही, सरळ पळतो. हे नशीब नाही, हे कमावलेलं आहे, आणि पुढच्या सामन्यातही ते त्याच्यासोबत असणार.

काळजी इथेच सुरू होते. १९ पास पूर्ण होऊन यार्ड किती, तर १५२. म्हणजे बहुतेक पास जवळचे. पास झेलणाऱ्या ए. जे. ब्राउनसारख्या गड्याच्या नावावर अख्ख्या सामन्यात एक झेल, ८ यार्ड, तोही खेळ संपत आल्यावर. सेक्वॉन बार्कलीने मागच्या मोसमात २००५ यार्ड धावून काढले होते. या सामन्यात १८ वेळा चेंडू घेऊन ६०. एक टचडाउन केला हे खरं, पण दर खेपेला साडेतीन यार्डही नाहीत. मागच्या वर्षी आक्रमणाची आखणी केलन मूर करत होते. ते न्यू ऑर्लिन्सचे मुख्य प्रशिक्षक होऊन गेले आणि जागा केविन पटुलोंकडे आली. नव्या माणसाने पहिल्या दिवशी जपून खेळवलं, असं मी समजून घेते. पण घरात बासमती असताना रोज कण्या शिजवायच्या नसतात. ब्राउनला पास द्यायलाच हवेत, नाहीतर समोरचे सगळे गडी बार्कलीच्या वाटेवर येऊन उभे राहतील.

तुम्ही म्हणता, शेवटी जिंकलेलंच मोजतात. गुणतक्त्यात हो. १७ सामन्यांच्या मोसमात एक विजय म्हणजे मोठी गोष्ट, तो कोणी काढून घेत नाही. पण हेच वाक्य मी वर्षभरापूर्वी स्वतःला सांगत बसले होते. २०२४ चा पहिला सामना आपल्याकडे ६ सप्टेंबरच्या पहाटे होता. हरतालिकेचा दिवस, दुसऱ्या दिवशी गणपती. चीफ्स विरुद्ध बाल्टिमोर. २७-२० असे आम्ही पुढे, आणि अगदी शेवटच्या खेळीत बाल्टिमोरच्या आयझाया लाइकलीने मागच्या रेषेजवळ पास झेलला. पंचांनी टचडाउन दिला. माझा उपास, हातात वाळूची पिंड मांडायचं ताम्हन, आणि मी जागच्या जागी थिजले. मग चित्रफीत पुन्हा पुन्हा दाखवली. त्याच्या बुटाचं टोक पांढऱ्या रेषेवर टेकलं होतं. टचडाउन रद्द. कबड्डीत रेषेवरचा पाय मी हजार वेळा बघितला आहे, पण अंगठ्याएवढ्या जागेवर सामना असा फिरलेला बघितला नव्हता. जिंकलो. वहीत मी लिहिलं, 'अंगठ्याने.'

त्या मोसमात चीफ्सनी १७ पैकी १५ जिंकले. त्यातले ११ विजय आठ किंवा त्याहून कमी गुणांचे, म्हणजे एका टचडाउनच्या अंतरातले. दर वेळी मी म्हणायचे, जिंकतोय ना? आणि शेवटी ज्या दिवशी खरा तगडा संघ समोर आला, म्हणजे तुमचाच, त्या दिवशी मध्यंतरापर्यंत आमच्या नावावर एक गुण नव्हता. माझ्या वहीतल्या फुल्या सप्टेंबरपासून तेच सांगत होत्या. मी वाचायला तयार नव्हते. म्हणून तुम्हाला एवढं सविस्तर सांगते आहे.

तर गुण. साडेसहा. हर्ट्ससाठी आणि कार्टरशिवाय टिकून राहिल्याबद्दल मी सात देणार होते. पहिल्या सहा सेकंदांचा अर्धा कापला.

पुढचा सामना १४ तारखेला कॅन्सस सिटीतच आहे, आपल्याकडे सोमवारी पहाटे १ वाजून ५५ मिनिटांनी. तुमची रात्रपाळी असेलच, मी गजर लावून उठेन. स्कोअर सोडून दोनच गोष्टी बघा. कार्टर परतल्यावर मधून धावणाऱ्याला पहिल्या डाउनवर तीन यार्डांत रोखतात का, आणि ब्राउनकडे पहिल्या अर्ध्यात किती पास जातात. चीफ्सनी तुम्हाला हरवावं अशीच माझी इच्छा आहे. पण ईगल्स हरले तरीही या दोन गोष्टी जमलेल्या दिसल्या, तर मी त्या सामन्याला पहिल्यापेक्षा जास्त गुण देईन.

प्रश्न : माझा चौदा वर्षांचा मुलगा चुलतभावामुळे चीफ्सचा चाहता झाला आहे. अनंत चतुर्दशीच्या सकाळी साडेपाचला उठून त्याने सामना बघितला. ब्राझीलमध्ये साओ पाउलोला झालेला तो सामना चीफ्स चार्जर्सकडून २७-२१ असा हरले. त्या दिवशी तो विसर्जनालाही आला नाही. मोसम संपला म्हणतो. मला त्या खेळातलं काही कळत नाही. त्याला काय सांगू?
– एक आई, कोपरी, ठाणे

उत्तर : त्याला सांगा, नौपाड्यातल्या एका आजीलाही त्या दिवशी मोदक गोड लागला नाही.

आणि मग या गोष्टी सांगा, सगळ्या खऱ्या आहेत. २००३ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रिअट्स पहिल्या सामन्यात बफेलोकडून ३१-० असे हरले. लॉयर मिलॉय नावाच्या आपल्या भरवशाच्या खेळाडूला त्यांनी त्याच आठवड्यात काढलं होतं, तो लगेच बफेलोकडे गेला आणि त्यांच्याविरुद्धच खेळला. पेट्रिअट्सचे पास देणाऱ्या टॉम ब्रेडीने चार पास समोरच्याच्या हातात दिले. सगळे म्हणाले, संपलं. त्या मोसमात पेट्रिअट्स त्यानंतर एकदाच हरले. शेवटच्या साखळी सामन्यात पुन्हा बफेलो समोर आलं, तेव्हा स्कोअर होता ३१-०, या वेळी पेट्रिअट्सच्या बाजूने. सुपर बोल त्यांनीच जिंकला. आणि पहिल्या दिवशी नाचलेलं बफेलो? १६ पैकी ६ सामने जिंकून घरी.

२०२१ मध्ये ग्रीन बे पॅकर्स पहिल्या सामन्यात न्यू ऑर्लिन्सकडून ३८-३ असे हरले. पुढे त्यांनी १३ सामने जिंकले आणि न्यू ऑर्लिन्स बाद फेरीपर्यंतही पोचलं नाही. आणि तिसरी गोष्ट तर त्याच्याच संघाची. २०२३ च्या पहिल्या सामन्यात चीफ्स डेट्रॉइटकडून २१-२० असे हरले. चीफ्सचा पास झेलणारा ट्रॅव्हिस केल्सी गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर होता, त्यांच्याच कडेरियस टोनीच्या हातावरून उडालेला चेंडू डेट्रॉइटच्या ब्रायन ब्रांचने पकडून थेट टचडाउन केला. त्याच मोसमाच्या शेवटी सुपर बोल कोणी उचलला, हे त्याला पाठ असेल. त्यालाच विचारा.

पण चौदा वर्षांच्या मुलाला नुसता धीर देऊ नका, खेळातलं खरंही सांगा, त्याला ते आवडेल. यंदाच्या पराभवात नशिबाचा भाग आहे. तिसऱ्याच खेळीत केल्सी आणि झेव्हियर वर्दी हे आपलेच दोघे एकमेकांवर आदळले आणि वर्दी खांदा धरून बाहेर गेला. आमचा आणखी एक पास झेलणारा, रशी राइस, तर बंदीमुळे पहिले सहा सामने नाहीच. पण सगळंच नशीब म्हणून सोडता येणार नाही. चार्जर्सच्या जस्टिन हर्बर्टने ३१८ यार्डांचे पास दिले, तीन टचडाउन केले, त्याच्यापर्यंत कोणी नीट पोचतच नव्हतं. शेवटी तिसऱ्या डाउनला १४ यार्ड हवे असताना तो स्वतः पळत सुटला आणि अंतर गाठलं. चेंडू परत मिळायची आमची वेळच गेली. माझ्या वहीत ती ओळ लाल पेनाने नाही, निळ्याने आहे. ती आमच्या बचावाची चूक आहे आणि ती सुधारावी लागेल.

त्याला एक वही आणून द्या. १४ तारखेचा सामना रात्री दोनला आहे, सोमवारी शाळा असेल. उठवू नका. सकाळी मोबाइलवर क्षणचित्रं बघून लिहिलं तरी चालेल.

प्रश्न : आम्ही कळव्यात १४ वर्षांखालच्या मुलींचा कबड्डी संघ चालवतो. मोसमातला पहिला सामना मुली सहा गुणांनी जिंकल्या. पालक खूश आहेत, मुली तर हवेत आहेत. मला मात्र खेळ विस्कळीत वाटला. पण बोलून दाखवलं तर त्यांचा हिरमोड होईल. काय करू?
– एक प्रशिक्षक, कळवा

उत्तर : दोन दिवस काही बोलू नका. जिंकल्याचा आनंद त्यांना पुरता घेऊ द्या, त्या वयात तो फार लागतो.

मग पत्रक घेऊन त्यांच्यासोबत मातीत बसा आणि त्यांनाच मोजायला लावा. तुम्ही एकही शेरा मारायचा नाही. आपले किती गुण स्पर्शाचे, किती पकडीचे, किती बोनसचे. समोरच्या मुली रेषेबाहेर गेल्या म्हणून किती आले. तिसऱ्या, करो या मरो चढाया किती झाल्या आणि त्यातल्या किती रिकाम्या परतल्या. पकडीत पहिला हात कोणी घातला आणि साखळी कितींदा वेळेवर आली. हे शेवटचं पत्रकात नसतं, आठवून सांगावं लागेल. मुली आठवतात, आणि आपल्या चुका तर आपण होऊन सांगतात. सहा गुणांच्या फरकात सांडलेले गुण किती होते हे त्यांच्या बोटांवर येईल, तेव्हा तुम्हाला वाईट व्हावं लागणार नाही.

चुकांइतकंच चांगलंही शोधा. पराभवात जशी एखादी चढाई झकास असते, तसं विस्कळीत विजयातही कोपरारक्षक मुलीने एखादा पाय घट्ट धरलेला असतो. तो नाव घेऊन सांगा, सगळ्यांसमोर.

पुढच्या सामन्याला राखीव बाकावरच्या मुलीच्या हातात वही द्या. तिला सांगा, प्रत्येक चढाईची एक ओळ, आणि नशिबाची लाल पेनाने. मी नववीत असताना गुडघा मुरगळून बाकावर बसले होते, तेव्हा आमच्या बाईंनी माझ्या हातात अशीच वही दिली होती. त्या मोसमात मी परत खेळले नाही, पण संघातल्या प्रत्येकीचा खेळ मला पाठ झाला होता, आणि सामन्याआधी मुली माझ्याकडे येऊन विचारायच्या, "समोरची डावीकडून येते की उजवीकडून?"